करकर थांबली, पण घसारा थांबला का?

मृग नक्षत्र लागले की आमच्या मावळात लोखंडाचे दिवस फिरतात. लोणावळ्याच्या माथ्यावर एका पावसाळ्यात चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो. पूर्वेकडे तळेगाव दाभाडे, वराळे या भागात येईपर्यंत त्याचा जोर बराच ओसरतो. परंतु जून ते सप्टेंबर हवा ओलीच असते. दाराची बिजागरी करकरते. कडी कोयंड्यात बसत नाही. कुलपात किल्ली फिरत नाही. सायकलची चेन तांबूस होते, मोटारसायकल सकाळच्या पाळीला निघताना चालू होत नाही आणि पाण्याच्या मोटारीचा नट पान्याला दाद देत नाही. अशा वेळी आजकाल घराघरांत एकच उपाय केला जातो. फडताळातला स्प्रेचा डबा काढायचा, हलवायचा आणि फस्सकन फवारायचा!

हा डबा पूर्वी फक्त गॅरेजमध्ये आणि कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात दिसे. आता तो हार्डवेअरच्या दुकानात टांगलेला असतो. तळेगाव आणि चाकणच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारी आपली मुले तो हौसेने विकत आणतात. डबा उपयोगी आहे यात शंका नाही. परंतु तो कशासाठी आहे, कशासाठी नाही आणि कोठे तो जिवावर बेतू शकतो, हे मात्र फार थोड्या घरांत ठाऊक असते. विषय वरवर पाहता क्षुल्लक वाटेल. पण ज्या घराची रोजी शिलाई मशीनवर, सायकलवर किंवा हप्त्याने घेतलेल्या मोटारसायकलवर चालते, त्या घरास तो क्षुल्लक नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

घसारा म्हणजे काय?

आम्ही शिक्षणाने वाणिज्य शाखेचे आणि पेशाने कारकून. जमाखर्चाच्या वहीत ‘घसारा’ नावाचे एक खाते असते. यंत्र विकत घेतले त्या दिवसापासून त्याची किंमत दरवर्षी थोडी थोडी कमी होत जाते. ती घट वहीत दाखवावी लागते, तिला घसारा म्हणतात. कॉलेजात आम्ही हा शब्द पाठ केला, पण त्याचा खरा अर्थ आम्हांस फिटर आणि टर्नर मंडळींत बसल्यावर उमगला. घसारा म्हणजे घासले जाणे. लोखंडावर लोखंड घासते, दोन्ही झिजतात आणि ती झीज शेवटी मालकाच्या खिशातून जाते. कारखानदार तो घसारा वहीत लिहितो. मजुराच्या घरात वही नसते. पण घसारा असतोच. तेथे तो नव्या चेनच्या खर्चात, बुडालेल्या खाड्यात आणि परत गेलेल्या शिलाईच्या कपड्यांत दिसतो.

ही बाब मोठमोठ्या देशांनाही उशिरा कळली. १९६६ साली ब्रिटनमध्ये पीटर जोस्ट यांच्या समितीने तेथील सरकारला एक अहवाल दिला. घर्षण, झीज आणि वंगण यांकडे नीट लक्ष दिले तर ब्रिटनच्या उद्योगांचे वर्षाला ५१ कोटी ५० लाख पौंड वाचतील, असा हिशेब त्यात मांडला होता. या विषयाच्या शास्त्राला ‘ट्रायबॉलॉजी’ हे नावही त्याच अहवालातून मिळाले. एवढ्या मोठ्या देशाला जर तेलाच्या थेंबाचा हिशेब ठेवावा लागतो, तर आपल्या दोन खोल्यांच्या संसाराला तो का नको?

आपल्या आज्या-पणज्यांना शास्त्राचे नाव माहीत नव्हते, पण वंगण माहीत होते. बैलगाडीच्या आसाला वंगण घातल्याशिवाय लांबच्या वाटेला कोणी गाडी जुंपत नसे. कोरडा आस करकरतो, तापतो आणि लाकूड खातो, हे त्यांना अनुभवाने कळले होते. तेच ज्ञान आता डब्याच्या युगात आपण विसरू लागलो आहोत. डबा फवारला, आवाज थांबला म्हणजे काम झाले असे आपण समजतो. आवाज थांबणे आणि झीज थांबणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सदर लेखाचे सार विचाराल तर ते एवढेच आहे.

डब्यात असते तरी काय?

या जातीच्या स्प्रेंमध्ये जगभर गाजलेला डबा म्हणजे ‘डब्ल्यूडी-४०’. त्याची हकीकत कामगार वाचकांनी जाणून घेण्यासारखी आहे. १९५३ साली अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, सॅन दिएगो शहरात, रॉकेट केमिकल कंपनी नावाचा एक अगदी लहान कारखाना होता. लोखंड-पोलादावर साचलेले पाणी हटवून गंज रोखणारे द्रावण त्यांना करायचे होते. पाणी हटवणे याला इंग्रजीत ‘वॉटर डिस्प्लेसमेंट’ म्हणतात. एकोणचाळीस प्रयोग फसले आणि चाळिसावा साधला, म्हणून नाव पडले डब्ल्यूडी-४०. ‘अ‍ॅटलास’ नावाच्या क्षेपणास्त्राचा पातळ पोलादी पत्रा गंजू नये म्हणून ते द्रावण वापरले जात असे. पुढे ज्या कारखान्यात ते वापरात होते, तेथील कामगारांनीच त्याचे डबे गुपचूप घरी नेले आणि घरातल्या बिजागऱ्यांवर व नटांवर वापरून पाहिले. घरगुती उपयोगाचा शोध असा कामगारांच्या हातून लागला! १९५८ साली तो डबा सॅन दिएगोच्या दुकानांत विक्रीस आला आणि १९६९ साली कंपनीने स्वतःचे नावच बदलून डब्याचे नाव घेतले.

यात ध्यानात ठेवायची गोष्ट ही की, द्रावण मुळात पाणी हटवण्यासाठी बनले होते. यंत्राला वर्षभर तेल पुरवण्यासाठी नव्हे. डब्यातला मोठा भाग रॉकेल-टर्पेंटाईनच्या जातीच्या पातळ, उडून जाणाऱ्या द्रवाचा असतो. त्यात थोडे हलके खनिज तेल मिसळलेले असते आणि बाहेर फेकण्यासाठी दाबाखाली भरलेला वायू असतो. फवारल्यावर पातळ द्रव बारीक फटीत शिरतो, तेथला ओलावा ढकलतो, जुने चिकट तेल आणि मळ सैल करतो. मग तो उडून जातो आणि मागे हलक्या तेलाचा अगदी पातळ पापुद्रा उरतो. हा पापुद्रा बिजागरीला काही दिवस पुरेल. दिवसभर वेगाने फिरणाऱ्या किंवा वजन ओढणाऱ्या भागाला तो पुरत नाही.

बाजारात ‘स्प्रे’ या एकाच नावाखाली निरनिराळे माल मिळतात. गंज सोडवणारा वेगळा, चेनसाठी वेगळा, सिलिकॉनचा वेगळा, विजेचे संपर्कबिंदू साफ करणारा वेगळा. डबे सारखेच दिसतात. घेण्यापूर्वी त्यावरचा मजकूर वाचावा. इंग्रजी वाचता येत नसेल तर घरातल्या शाळकरी मुलाकडून वाचून घ्यावा. त्यात कसलाही कमीपणा नाही.

जेथे तो खरोखर उपयोगी

पहिले काम गंजलेल्या नट-बोल्टाचे. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज होतो आणि तो मूळ लोखंडापेक्षा कितीतरी अधिक जागा अडवतो. नट आणि बोल्ट यांच्या आट्यांत ही फुगलेली माती ठासून भरते, म्हणून नट जाम होतो. अशा वेळी जोर लावला तर बोल्ट मोडतो किंवा नटाचे कोपरे गोल होतात. घाई करू नये. तारेच्या ब्रशाने वरचा गंज झाडावा, स्प्रे मारावा आणि निदान पंधरा मिनिटे थांबावे. फारच जाम असेल तर रात्रभर ठेवावे. हातोडीने हलके टोले द्यावेत म्हणजे द्रव आत उतरतो. मग नट आधी किंचित आवळावा आणि नंतर सोडवावा. जरासा हलला की पुन्हा फवारावे व मागेपुढे करीत बाहेर आणावा. मात्र फवारलेल्या नटाला दिवटी किंवा गॅसची ज्योत कदापि दाखवू नये, कारण तो द्रव पेट घेतो.

दुसरे काम पावसात भिजलेल्या मोटारसायकलचे. प्लगच्या टोपीत पाणी गेले की ठिणगी पडत नाही. चावी बंद करावी, इंजिन थंड आहे हे पाहावे, टोपी काढून आतबाहेर पुसावी आणि थोडे फवारावे. काही मिनिटे उडू द्यावे, मगच टोपी बसवून गाडी चालू करावी. पाणी हटवणे हेच या द्रावणाचे जन्मजात काम, त्यामुळे येथे ते आपला गुण दाखवते.

तिसरे काम दाराच्या बिजागरीचे, खिडकीच्या कडीचे आणि विहाराच्या किंवा शाळेच्या लोखंडी गेटाच्या खिळीचे. स्प्रेने मळ व गंज सैल करावा, काळे पाणी निघेल ते चिंधीने पुसावे आणि नंतर दोन थेंब मशीनचे तेल किंवा बोटभर ग्रीस लावावे. पुसणे आणि नंतर तेल देणे, या दोन पायऱ्या बहुतेक लोक गाळतात. मग पंधरा दिवसांनी तीच करकर सुरू होते आणि डबा रिकामा होत जातो.

चौथे काम हत्यारांचे. पाना, करवत, विळा, कुदळ ही पावसाळ्यात वापरून झाल्यावर कोरडी पुसून त्यांवर हलका फवारा मारावा व कापड फिरवावे. विळा-कोयता भाजी किंवा चारा कापायला घेण्यापूर्वी मात्र साबणाने धुवावा. हेल्मेटवरचा किंवा काचेवरचा स्टिकरचा चिकट डिंक काढण्यासही स्प्रे चालतो; पण प्लॅस्टिकवर आधी एका कोपऱ्यात लावून पाहावे.

कुलपाबाबत दोन शब्द. भिजून जाम झालेले कुलूप स्प्रेने मोकळे होते, हे खरे. परंतु आत राहिलेल्या तेलावर धूळ बसते आणि काही महिन्यांनी कुलूप पुन्हा जड होते. कोरड्या जागेतल्या कुलपाला ग्रॅफाइटची भुकटी बरी. ती मिळाली नाही तर मुलांची मऊ शिसपेन्सिल किल्लीच्या दातांवर घासावी आणि किल्ली चारसहा वेळा फिरवावी. पेन्सिलीतले शिसे म्हणजे ग्रॅफाइटच असते. तेल आणि ग्रॅफाइट एकाच कुलपात घालू नये, त्याचा चिखल होतो.

जेथे तो अपुरा

आमच्या ओळखीच्या एका ताई घरी पायमशीनवर शाळेचे गणवेश शिवतात. जून महिना म्हणजे त्यांची सुगी. नेमके त्याच दिवसांत मशीन जड झाले. मुलाने आणलेला स्प्रे त्यांनी तेलाच्या सगळ्या भोकांत मारला. मशीन पाण्यासारखे पळू लागले. दोन दिवसांनी पुन्हा जड, पुन्हा फवारा. आठवड्याने धागा तुटू लागला, आतून खडखड येऊ लागली. शेवटी त्यांनी वस्तीतल्या एका निवृत्त फिटर मामांना बोलावले.

“मामा, फवारलं की सुरळीत चालतं बघा. दोन दिवसांनी परत जड.”

“ताई, तुम्ही तिला आंघोळ घातली. जेवायला कुठं दिलं?”

मामांचे उत्तर आम्हांस कोणत्याही पुस्तकातल्या व्याख्येपेक्षा नेमके वाटले. स्प्रेने जुने, साकळलेले तेल धुऊन काढले ही आंघोळ. पण त्यानंतर मशीनचे स्वतःचे तेल न दिल्यामुळे धातू धातूवर कोरडा घासत राहिला. मामांनी शटलजवळ साचलेला धाग्याचा भुगा ब्रशने काढला, मशीन पुसले, प्रत्येक भोकात शिलाई मशीनच्या तेलाचे एकदोन थेंब सोडले आणि पायडल मारून सारे तेल फिरू दिले. मग चिंधीवर चार टाके घातले, म्हणजे जादा तेल चिंधीने पिऊन घेतले आणि गणवेशाच्या पांढऱ्या कापडाला डाग लागला नाही. रोज शिवणाऱ्या भगिनींनी हे काम ठरावीक दिवशी, निदान आठवड्यातून एकदा करावे. स्प्रेच्या एका डब्याच्या किमतीत मशीनच्या तेलाच्या अनेक कुप्या येतात, हेही ध्यानात घ्यावे.

काही घरांत तेलाची कुपी नसली की खोबरेल किंवा शेंगदाण्याचे तेल घालतात. हे करू नये. खाद्यतेल हवेने घट्ट व चिकट होते आणि त्यात धूळ बसून डिंकासारखा थर जमतो. खोबरेल तर साधारण २४ अंशांच्या खाली गोठते. मावळातल्या थंडीत बाटलीतले तेल जसे पांढरे होते, तसेच ते मशीनच्या आतही होते.

सायकलच्या चेनचेही असेच आहे. चेनच्या प्रत्येक कडीत एक बारीक रूळ असतो आणि झीज त्या रुळाच्या आत होते. स्प्रेने चेन झकास चमकते, पण आतले तेल धुऊन जाते. चेन साफ करण्यास स्प्रे वापरावा, कापडाने कोरडी पुसावी आणि मग कडीकडीवर तेलाचा एकेक थेंब सोडून पायडल उलटे फिरवावे. वरचे जादा तेल पुसून टाकावे, नाही तर तेथे रस्त्याची माती चिकटते आणि ती पॉलिश पेपरसारखी चेन खाते. मोटारसायकलच्या चेनला गाडीच्या पुस्तकात लिहिलेले तेल किंवा चेनचा वेगळा स्प्रे वापरावा. आणि तरुण बंधूंनो, एक गोष्ट हात जोडून सांगतो. इंजिन चालू ठेवून, चाक फिरते ठेवून चेनवर कापड धरू नका. कापड स्प्रॉकेटमध्ये ओढले जाते आणि त्याच्या मागोमाग बोटे जातात. ज्याचे पोट हातावर आहे त्याने बोटे सांभाळलीच पाहिजेत. गाडी बंद करून चाक हातानेच फिरवावे.

छताचा पंखा सावकाश फिरू लागला की काही जण स्टुलावर चढून त्यात स्प्रे मारतात. पंखा मंद होण्याचे कारण पुष्कळदा त्याचा कपॅसिटर कमजोर होणे हे असते. त्याला तेलाचा काहीच उपयोग नाही. आवाज येत असेल तर बेअरिंग झिजलेले असू शकते. झिजलेला धातू कोणताही स्प्रे परत भरून देत नाही. आत फवारलेला द्रव मात्र बेअरिंगचे उरलेसुरले ग्रीस धुऊन काढतो आणि मोटारीच्या वळणांवर धूळ चिकटवतो. येथे वायरमनचाच हात हवा.

गंजाबाबतही गैरसमज नको. स्प्रे गंजाचे पुन्हा लोखंड करीत नाही. गेट, खिडकीचे गज किंवा पत्र्याचे खांब गंजले असतील तर ब्रश व पॉलिश पेपरने घासून, कोरडे करून, रेड ऑक्साइडचा हात मारून वर रंग द्यावा. हे काम मे महिन्यातच उरकावे. तेल फवारलेल्या जागी रंग धरत नाही, म्हणून रंग द्यायच्या भागावर आधी स्प्रे मारू नये.

जेथे तो कदापि नको

आपल्या मावळात वंगणाचा एक मोठा धडा रेल्वेने घाटात मांडून ठेवला आहे. कर्जतहून लोणावळ्याला चढणारा बोरघाटाचा लोहमार्ग १८६३ साली सुरू झाला. त्याचा चढ ३७ फुटांमागे १ फूट इतका कडक आहे, म्हणून गाडीला मागून ढकलणारी जादा इंजिने लावतात. रेल्वेमार्गाच्या तीव्र वळणांवर रुळाच्या आतल्या बाजूला, जेथे चाकाची कड घासते, तेथे ग्रीस लावण्याची पद्धत आहे. त्याने रूळ आणि चाक दोन्ही कमी झिजतात. पण त्याच रुळाच्या माथ्यावर ग्रीस येता कामा नये. माथा निसरडा झाला तर इंजिनाचे चाक जागच्या जागी फिरेल, चढ चढणार नाही आणि उतारावर ब्रेक धरणार नाही. उलट, पकड कमी पडली तर इंजिनातून रुळावर वाळू सोडतात. रूळ एकच, एका अंगाला ग्रीस हवे आणि दुसऱ्या अंगाला वाळू!

म्हणजे घर्षण हा नेहमीच शत्रू नसतो. ब्रेक म्हणजे तर निव्वळ घर्षण. सायकलच्या ब्रेकचा किंवा मोटारसायकलच्या डिस्कचा चूं-चूं आवाज येतो म्हणून तेथे स्प्रे मारणे म्हणजे अपघाताला निमंत्रण होय. आवाज थांबेल, आणि पुढच्या वळणावर गाडीही थांबणार नाही. सायकलची रिम, ब्रेकचे रबर, ड्रमचे लायनर, डिस्क आणि तिचे पॅड यांवर तेलाचा थेंबही नको. चेनवर फवारताना उडालेले तुषारसुद्धा तेथे जाऊ नयेत, म्हणून मध्ये पुठ्ठा धरावा. पॅडने तेल प्यायले असेल तर ते बदलणे हाच शहाणपणा.

स्वयंपाकघरात या डब्याला काम नाही. शेगडीची गॅसची कळ जड झाली किंवा रेग्युलेटर नीट बसत नसला तरी तेथे स्प्रे किंवा तेल वापरू नये. कळीला लागणारे ग्रीस वेगळे असते आणि ते गॅस एजन्सीच्या मेकॅनिकने लावायचे असते. डब्यातला द्रव ज्वालाग्राही आहे; काही स्प्रेंमधला फेकणारा वायू तर स्वयंपाकाच्या गॅसच्याच जातीचा असतो. पेटती शेगडी, चूल, मेणबत्ती, उदबत्ती, विडी यांच्या जवळपास फवारू नये. खिडकी उघडी ठेवावी. विजेची मोटार, बोर्ड, मिक्सर यांना हात लावण्यापूर्वी मेन स्विच बंद असावा, आणि चालू विजेवर तर काहीच फवारू नये.

ऑक्सिजनच्या सिलिंडरबाबत विशेष सावधानता हवी. २०२०-२१ च्या कोरोनाकाळात असे सिलिंडर पुष्कळ घरांत आले आणि आजही दम्याच्या व फुप्फुसाच्या रुग्णांसाठी ते घरी आणले जातात. त्याची चावी कितीही जड असो, तिला तेल, ग्रीस वा स्प्रे लावू नये. दाबाखालच्या शुद्ध प्राणवायूत तेल ठिणगीवाचूनही पेट घेऊ शकते. तेलाच्या हाताने ती चावी उघडूसुद्धा नये.

डबा उन्हात, मोटारसायकलच्या सीटखाली किंवा चुलीजवळ ठेवू नये. ५० अंशांहून अधिक तापू देऊ नये, असे डब्यावर लिहिलेले असते. रिकामा डबा भोसकू नये, कचऱ्याबरोबर पेटवू नये, तो फुटतो. लहान मुलांच्या हाती तो लागणार नाही अशा उंच जागी ठेवावा. एखाद्या मुलाने चुकून हा द्रव, रॉकेल किंवा टर्पेंटाईन प्यायले तर त्याला उलटी करावयास लावू नये. उलटीबरोबर तो द्रव फुप्फुसात शिरतो आणि खरा धोका तोच असतो. डबा सोबत घेऊन तडक दवाखाना गाठावा.

शेवटी एक खुळी समजूत. गंजलेला नट सुटतो, मग दुखरा गुडघा का सुटणार नाही, असे म्हणून सांध्यांवर हा स्प्रे चोळणारे लोक आहेत. परदेशांतही हे खूळ बरेच पसरले होते. सांध्यात निसर्गाने दिलेले वंगण कातडीच्या खाली एका बंद पिशवीत असते. वरून फवारलेले तेल तेथे पोहोचत नाही. पोहोचते ती फक्त कातडीची आग आणि पुरळ. वर्षानुवर्षे उभ्याने काम करून गुडघे झिजलेल्या माता-पित्यांना डॉक्टरकडे न्यावे. कशाने काय होते हे विचारून पाहण्याची सवय आपल्याला अंगाऱ्या-धुपाऱ्यापासून सोडवून गेली. तीच सवय डब्याच्या बाबतीतही ठेवावी.

घरोघरी करता येईल असे

खर्चाच्या अंगाने पाहता दर घरात एक डबा असण्याची गरज नाही. गल्लीत किंवा बचत गटात मिळून एक गंज सोडवणारा स्प्रे पुरे. घरात मात्र या वस्तू असाव्यात: मशीनच्या तेलाची एक कुपी, ग्रीसची लहान डबी, तारेचा ब्रश, पॉलिश पेपरचा तुकडा, जुन्या सुती चिंध्या आणि एक शिसपेन्सिल. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दर महिन्याचा एक रविवार खूण करून ठेवावा. त्या दिवशी तासभर चेन, मशीन, बिजागऱ्या आणि कुलपे पाहावीत. मुलासोबत मुलीलाही पाना हातात द्यावा. आपले घर आपल्या हातांनी राखता येणे यात मुलगा-मुलगी असा भेद कशाला?

कोणतीही वस्तू बिघडली की स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. ती जाम झाली आहे काय? मग स्प्रे. ती कोरडी पडली आहे काय? मग तिचे योग्य तेल किंवा ग्रीस. ती झिजली आहे काय? मग नवा भाग आणि जाणकार कारागीर. या तिसऱ्या प्रश्नाला पैसे वाचवायला जाऊ नये. ज्या फिटरने, मेकॅनिकने किंवा वायरमनने आयुष्यभर हात काळे करून हे ज्ञान मिळवले, त्याला त्याची मजुरी देताना कुरकुर करू नये. आपणही मजुरीवरच जगतो. आणि आपल्या वस्तीतला जो कारागीर निवृत्त होऊन ओट्यावर बसला आहे, त्याच्याजवळ आपल्या पोरांना सुटीच्या दिवशी बसवावे. त्याचे ज्ञान कोणत्याही डब्यावर छापलेले नाही.

पुढल्या वेळी बोट त्या बटणावर जाईल तेव्हा क्षणभर थांबावे आणि तीनपैकी कोणता प्रश्न समोर आहे ते ओळखावे. तेवढ्या एका क्षणाने चेन वाचेल, मशीन वाचेल, महिन्याच्या खर्चातले चार पैसे वाचतील. आणि ब्रेकची, गॅसची किंवा सिलिंडरची गोष्ट असेल तर घरातला माणूस वाचेल.